एक्झिमा परत परत येतोय? मग आधी या चुका टाळा

एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजरे लाल चट्टे येतात तो, एकदा गोळ्या घेतल्या आणि कायमचा गेला असा आजार नाही, तो कमी होतो, शांत बसतो आणि परत उठतो. पण दर महिन्याला उठत असेल तर बहुतेक वेळा डॉक्टरांचं औषध चुकीचं नसतं, रोजचं वागणं कुठेतरी चुकत असतं. आणि सगळ्यात मोठी चूक होते मेडिकलच्या काउंटरवर, म्हणून आधी तेच सांगते.

"खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की जी ट्यूब हातात पडते तिच्यात बरेचदा तीन औषधं एकत्र असतात, एक स्ट्रॉंग स्टेरॉइड, म्हणजे लाली-सूज दाबणारं औषध (क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन), एक बुरशीवरचं आणि एक अँटिबायोटिक. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा, नाव दिसेल. दोन दिवसात खाज थांबते, लाली जाते, आपण खुश, मग ट्यूब बंद केली की आठवड्यात परत सगळं वर येतं, परत लावायचं, असं महिनोन्महिने चालतं आणि मग कातडी पातळ होते, चेहऱ्यावर बारीक लाल शिरा आणि पुरळ, काखेत जांघेत न जाणारे स्ट्रेच मार्क. 2018 साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, तरी सर्रास मिळतात. कृपया घेऊ नका.

त्यातून ते मुळात एक्झिमा नसेलच तर अजून घोळ. गजकर्ण बुरशीमुळे होतं, त्याला कडेने उठलेली गोल रिंग असते, मधे जरा साफ दिसतं आणि रिंग मोठी होत जाते, त्यावर स्टेरॉइड लावलं की रिंग पुसट होते पण बुरशी पसरत राहते. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यात, मनगटावर खाज, रात्री जास्त आणि घरात अजून कोणीतरी खाजवत असतं. एक्झिमा मोठ्या मुलांमध्ये साधारण कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मानेवर, बहुतेक दोन्ही बाजूंना येतो, तान्ह्या बाळांच्या गालावर. तरी नक्की काय आहे ते स्किनच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

याच्या बरोब्बर उलट चूकही तितकीच दिसते. डॉक्टरांनी नीट बघून स्टेरॉइड क्रीम दिलेलं असतं, कुठे लावायचं, किती दिवस लावायचं सगळं लिहून दिलेलं असतं, आणि घरी आल्यावर कोणीतरी म्हणतं अगं स्टेरॉइड आहे ते, नको लावूस, मग मोहरीएवढं घेऊन दोन दिवस लावतात आणि सोडून देतात. आग अर्धवट विझते आणि परत भडकते. किती घ्यायचं त्याचं माप सोपं आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत ट्यूबमधून एक पट्टी काढायची, ती साधारण अर्धा ग्रॅम होते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्याचं क्रीम वेगळं दिलं असेल तर हातापायाचं उचलून चेहऱ्यावर लावू नका.

मॉइश्चरायझर. यात लोक फार कंजूसपणा करतात हो. अंगभर एक्झिमा असेल तर लहान मुलाला आठवड्याला 250 ग्रॅमपर्यंत आणि मोठ्या माणसाला 500 ग्रॅमपर्यंत लागू शकतं, आणि आपण 100 ग्रॅमची बाटली दोन महिने पुरवतो! महागडंच पाहिजे असं अजिबात नाही, साधी बिनवासाची पेट्रोलियम जेली किंवा पॅराफिनचं क्रीम छान चालतं, वासवालं बॉडी लोशन मात्र नको. आंघोळ झाली की पंचाने घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग ओलसर असतानाच तीनेक मिनिटात लावायचं. कातडी चांगली दिसत असेल तेव्हाही रोज लावायचं, इथेच सगळे ढिले पडतात. मुंबई-कोकणात मे महिन्यात जेली चिकट होते आणि घाम अडकतो तेव्हा हलकं क्रीम घ्या, थंडीत पुण्या-नागपूरकडे परत जाडसर. आणि एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही: ही जेली, पॅराफिन कपड्यात, पांघरुणात मुरतं आणि असा कपडा झटकन पेट घेतो, त्यामुळे गॅस, निरांजन, फटाके यांच्यापासून लांब.

गिझरचं कडकडीत पाणी अंगावर घेतलं की खाजेला जे बरं वाटतं ते तेवढ्यापुरतंच, नंतर दुप्पट खाजतं. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं, बास. पाण्यात अँटिसेप्टिक, घासणी, दिवाळीचं उटणं, लिंबू, चट्ट्यांवर कच्चा कडुलिंब वाटून, हे सगळं बंद, उटण्याचा मान म्हणून हाताला बोट लावा फार तर. बाळाच्या मालिशला मोहरीचं आणि ऑलिव्ह तेल टाळा, खोबरेल बऱ्याच जणांना चालतं.

पथ्याच्या नावाखाली मुलांचं दूध, अंडी, शेंगदाणे सगळं एकदम बंद करू नका. रक्ताच्या अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये एखादा पदार्थ पॉझिटिव्ह आला म्हणजे एक्झिमा त्यानेच होतोय असं नसतं, आणि वाढीच्या वयात मूल उगाच उपाशी राहतं. खाल्ल्यावर लगेच गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर ते वेगळं, ते डॉक्टरांना सांगा.

ज्यांचे फक्त हात फुटतात त्यांनी भांड्यांचा साबण बघा. रबरी ग्लोव्हजच्या आत सुती ग्लोव्हज घाला, अंगठी काढून ठेवा (खाली साबण साचतो), लसूण-टोमॅटो चिरतानाही हात झाका. स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती बनियन. नखं बारीक, आणि रात्री खाज उठली की ओला गार रुमाल ठेवा.

आणि चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली, पाणी सुटलं, दुखायला लागलं तर इन्फेक्शन झालेलं असतं, घरी उपाय करत बसू नका. ताप आणि एकसारख्या बारीक फोडांचे दुखरे खड्डे पटापट पसरत असतील तर ते हर्पीस नावाच्या विषाणूचं इन्फेक्शन असू शकतं, त्यात थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, डोळ्याजवळ असेल तर रात्र असली तरी.