रोलर ब्रेकची किंचाळी एकदाची थांबली

नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला आल्यावर जुनी सायकल घेतली, मागे रोलर ब्रेक. दाबला की असा किंचाळायचा की पुढचे लोक वळून बघायचे. मला वाटलं पॅड गेले, पण यात रबरी पॅड नसतातच, आत छोटे रोलर धातूचे शूज ड्रमवर दाबतात आणि सगळं ग्रीसमध्येच घासतं, म्हणजे ग्रीस सुकलं की बोंबाबोंब. ब्रेकवरच्या ग्रीस भरायच्या भोकाचं रबरी बूच काढलं, चाक हळूहळू फिरवत रोलर ब्रेकचंच खास ग्रीस भरलं (घरातलं साधं नको, ब्रेक नीट लागत नाही). नवीन केबल टाकली, लिव्हर दहावेळा कचकून दाबली, ॲडजस्टरने (केबल ताणायचा-सैल करायचा स्क्रू) लिव्हरला साधारण १५ मिमी ढील ठेवली. तरी चाक जड! बघतो तर ब्रेकचा आर्म फ्रेमला धरणारी क्लिप मीच वाकडी आवळलेली. सोडून सरळ बसवली, आता चाक भिंगरी.