जावाची छोटी फाइल थेट चालवा
एकाच फाइलचा जावा प्रोग्राम तपासायचा असेल, तर आधी कंपाइल (कोडचे मशीनला चालवता येईल अशा रूपात भाषांतर), मग रन असे दोनदा करत बसू नका. जावा 11 पासून, म्हणजे 2018 पासून, टर्मिनलवर (कमांड टाइप करण्याच्या खिडकीत) ‘java’ लिहून पुढे सोर्स फाइलचे (कोड लिहिलेल्या फाइलचे) पूर्ण नाव दिले की पुरते. कोड मेमरीतच कंपाइल होतो, त्यातून तयार झालेला बाइटकोड जावाच्या व्हर्च्युअल मशीनवर (तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो आणि फोल्डरमध्ये क्लास फाइल्सचा पसारा उरत नाही. सराव करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे! फाइलमध्ये अनेक क्लास असतील, तर मेन मेथड (जिथून प्रोग्राम सुरू होतो तो भाग) असलेला क्लास सर्वांत वर ठेवा. मशीनवर जेडीके (कंपायलरसह जावाचा पूर्ण संच) हवे, नुसते जेआरई (फक्त प्रोग्राम चालवण्याचा संच) असून भागत नाही. प्रोग्रामची आर्ग्युमेंट्स (त्याला द्यायची माहिती) फाइलच्या नावानंतर लिहा; हीप (प्रोग्राम वापरतो ती मेमरी) वाढवण्यासारखे पर्याय मात्र नावाच्या आधी.