बाप्तिस्मा घेताय? आधी एवढं करा

कोल्हापुरात ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वडील म्हणून मी बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती विश्वासाचा पाण्यानं होणारा विधी) उमेदवारांना शिकवतो. शाहूपुरीतल्या आमच्या सोप्यात बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: पाण्यानं तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं का? नाही. तारण कृपेनं, विश्वासाद्वारे. बायबलमधलं इफिस 2:8 उघडा. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला बाप्तिस्मा मिळालाच नाही, तरी येशूनं त्याला सुखलोकाचं वचन दिलं. म्हणून टाळायचं मात्र नाही, ती प्रभूची आज्ञा आहे.

बायबलमधला रोम 6 हा अध्याय आठवडाभर मोठ्यानं वाचा: ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, नव्या जीवनात चालणं. मग साक्ष, म्हणजे विश्वासात कसे आलात ते, स्वतःच्या शब्दांत लिहा. घरच्यांना आधी सांगा, जेवताना, शांतपणे. माझ्या आईला मी उशिरा सांगितलं, ते अजून सलतं.

बाप्तिस्मा पाणी शिंपडून की पाण्यात बुडवून, ते पाळकांना (पास्टरांना) विचारा. बुडवून असेल तर जाड सुती कपडे घ्या.