पानांचा चहा कडू होतोय? या चुका टाळा

"एवढा महागाचा दार्जिलिंग आणला, पण नुसता कडू," अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: किती वेळ उकळलात? उत्तर ठरलेलं. "पाच मिनिटं. रंगच येत नव्हता."

रोजचा चहा आपण सीटीसी पुडीचा करतो. त्यात पान चिरडून, फाडून दाणे वळलेले असतात. उकळीत ते भराभर उतरतात आणि त्यांचा कडकपणा दूध, साखर, आलं मिळून सांभाळून घेतात. अख्खं पान उकळलं की मात्र आधी त्याचा सुगंध वाफेवर उडतो, मग तुरटपणा उतरतो, आणि कपात तेवढाच उरतो.

एका दिवाळीला मी फर्स्ट फ्लशचं १०० ग्रॅमचं पाकीट घरी नेलं. मार्च-एप्रिलमधली पहिली खुडणी, हिरवट पानं, पाणी फिकट सोनेरीच व्हायचं. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात वहिनींनी पातेलं चढवलं. बाहेर आलो तर आल्याचा वास आणि अर्धं पाकीट रिकामं. "भाऊजी, रंग येईना म्हणून अजून चार चमचे टाकले. दूध घातलं तर बघा कसा झालाय." कपडे भिजवलेल्या पाण्यासारखा झाला होता. दादा एक घोट घेऊन म्हणाला, "यापेक्षा आपली पूड बरी." त्या पद्धतीनं केला तर खरंच बरी.

माझी सवय अशी. एका कपाला, म्हणजे साधारण १५० मिलीला, २ ग्रॅम पत्ती. मोठं पान फुगीर असतं, चमचा फसवतो, म्हणून छोटा वजनकाटा वापरतो. आधण खळखळलं की गॅस बंद. आसामच्या पानांवर लगेच ओततो, फर्स्ट फ्लशसाठी मिनिटभर थांबतो. ग्रीन टीला तर उकळी लागतच नाही. तळाशी बारीक बुडबुडे धरले की पातेलं उतरवायचं. वरून झाकण, ३ मिनिटं, आणि मग सगळा चहा दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचा. सगळा! अर्धा पानांवरच ठेवून "नंतर घेऊ" म्हणणाऱ्यांचा दुसरा कप काढ्यासारखा लागतो, आणि नाव चहाचं खराब होतं.

कडक हवा असेल तर पत्ती वाढवा, वेळ नको. गाळणीतली पानं चमच्यानं पिळू नका. घाई असेल त्या दिवशी सरळ पुडीचा चहा करा, त्यात कमीपणा काही नाही.

पत्ती भरून कपात बुडवायची साखळीची जाळीदार गोळी मिळते, ती घेऊ नका. पानं फुलायला जागा लागते.

बोअरच्या जड पाण्यानं चहावर तवंग धरतो. फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर लिंबाचे दोन थेंब.

आता माझी दुसरी दुखरी नस: साठवण. चहाची पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते. चीनमध्ये जास्मिन चहा करतात तो याच गुणावर, पत्ती ताज्या फुलांच्या संगतीत ठेवून. आपल्याकडे तिला संगत कुणाची? हिंगाच्या डबीची. माझं स्वतःचं आसामचं पाकीट चिमटा लावून मसाल्याच्या कप्प्यात राहिलं आणि पंधरा दिवस मी फोडणीचा चहा प्यायलो. आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तोही कपड्यांच्या कपाटात. बायको हसते. फ्रिजमध्येही नको, डबा सारखा आत-बाहेर केला की पत्तीला ओल धरते.

वहिनी आता गॅस बंद करून झाकण ठेवतात, घड्याळही बघतात. मग कपात दोन चमचे साखर घालतात. तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो.