ऑर्डरचे दागिने घडवायला शिकायचंय? मुंबईतला माझा अनुभव

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी विचारलं की सोनारकाम शिकायचंय, तेही शोरूममधलं नाही तर गिऱ्हाईकाच्या मनासारखं एकेक डाग (दागिना) घडवायचं काम, तर सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझ्या घरात कोणी सोनार नाही. बीकॉम झालं, मग अंधेरीला ज्वेलरी डिझाइनचा कोर्स केला, कॉम्प्युटरवर अंगठ्या काढायला शिकले आणि वाटलं आता आपण तयार. काळबादेवीत एका काकांच्या वर्कशॉपमध्ये गेले, त्यांनी फाईल बघितली, छान आहे म्हणाले आणि हातात तांब्याची तार दिली, ही जंतरातून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढून बारीक कर म्हणाले. पहिल्या दिवशी सात वेळा तुटली. तार ओढताना धातू कडक होत जातो, दर दोन-तीन भोकांनंतर तिला तापवून मऊ करावं लागतं, हे कोर्सच्या वहीत लिहिलेलं होतं, पण बोटांना कळायला आठ दिवस लागले.

कोर्स करू नका असं अजिबात नाही. आयआयजीजे (रत्न-दागिन्यांचं शिक्षण देणारी संस्था), एसएनडीटी, जेजे, जिथे जमेल तिथे शिका, नजर तयार होते. फक्त पुढे दोन वेगळ्या वाटा आहेत हे आधीच समजून घ्या. सीप्झमधल्या (अंधेरीचं निर्यात क्षेत्र) एक्स्पोर्टच्या कारखान्यांत बरंचसं काम १४ आणि १८ कॅरेटचं, हिऱ्यांचं, तिथे एक जण कास्टिंग बघतो, एक कानस मारतो, एक खडे बसवतो, एक पॉलिश करतो. पगार महिन्याच्या महिन्याला येतो पण पूर्ण डाग तुमच्या हातून होत नाही. झवेरी बाजार, गिरगाव, दादरकडचं ऑर्डरचं काम म्हणजे गिऱ्हाईक समोर बसतं, आजीचा फोटो दाखवतं, अशीच ठुशी हवी म्हणतं, आणि तिथून पुढे सगळं तुमच्यावर. मला हेच हवं होतं.

झाळकाम, म्हणजे ज्योतीने सांधे जोडणं, शिकायला सगळ्यात वेळ लागला. नवीन माणूस ज्योत थेट डाखावर (सांधा जोडणाऱ्या, लवकर वितळणाऱ्या धातूवर) धरतो, मीही धरायचे, मग डाखाची गोळी होऊन बसायची आणि शेजारचा बारीक मणी वितळून जायचा. काका म्हणायचे डाखाकडे बघू नकोस, डागाकडे बघ. सगळा डाग सारखा तापला पाहिजे, सांध्याला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) आधी फुगतो, मग काचेसारखा बसतो, सोन्यावर मंद लाली येते आणि एका क्षणी डाख पाण्यासारखा सांध्यात पळतो, त्याच क्षणी ज्योत बाजूला. पाव सेकंद जास्त झाला तर दोन दिवसांचं काम गेलं. आणि हे सगळं पंखा बंद ठेवून, मे महिन्यातही. जुना कॅडमियमचा डाख कोणी वापरत असेल तर तिथे बसू नका, तो धूर फुफ्फुसांना फार वाईट.

आता माझी चूक सांगते, कारण ही शिकायला मला सगळ्यात महाग पडली. एक बाई आईची बोरमाळ घेऊन आल्या, मोडून पाटल्या करायच्या होत्या. काट्यावर २२.४ ग्रॅम भरली, मी मेमोवर तेवढंच लिहून दिलं. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते, हे मला माहीत होतं पण घाईत सुटलं. आटवल्यावर (वितळवल्यावर) हातात आलं १६ ग्रॅमच्या आसपास. त्या बाई काही ओरडल्या नाहीत, फक्त मेमो पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, आईने सांगितलं होतं सोनाराकडे समोर बसून राहायचं. काकांनी स्वतःच्या खिशातून काही सोनं भरून दिलं, माझ्या हातखर्चातून एक पैसा कापला नाही. त्या दिवसापासून जुनं सोनं गिऱ्हाईकासमोरच आटवते, आधीचं वजन, लाख-खडे काढल्यावरचं वजन, आटणीनंतरचं वजन, टंच (शुद्धता), सगळं त्यांच्या देखत मेमोवर, फोटोसकट. भाव ऑर्डरच्या दिवसाचा की डिलिव्हरीच्या, तेही तिथेच लिहा, सोनं वर गेलं की भांडणं इथूनच सुरू होतात.

मापाचंही तसंच. बांगडीचं "दोन-चार" म्हणजे २.४ इंच नव्हे, २ इंच आणि ४ आणे, म्हणजे आतून सव्वादोन इंच, साधारण ५७ मिलिमीटर. नवीन मुलं कॉम्प्युटरवर २.४ टाकतात आणि बांगडी हातातून गळून पडते. बोटाचं माप सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्या, मुंबईच्या दमट हवेत बोटं सुजतात. नथ करताना नाक टोचलेलं आहे की चापाची हवी हे पहिल्या भेटीतच विचारा, आणि झाळायचं ते सगळं मोती ओवायच्या आधी, मोत्याला ज्योत लागली की तो गेलाच.

हॉलमार्कचं, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या सरकारमान्य शिक्क्याचं, नीट शिकून घ्या. २२ कॅरेट म्हणजे ९१६, १० ग्रॅम चोख सोन्यात साधारण ०.९ ग्रॅम तांबं-चांदी. डाख हलक्या टंचाचा वापरला किंवा जास्त झाला तर अख्खा डाग ९१६ ला उतरत नाही आणि हॉलमार्किंग सेंटरवरून परत येतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक डागाचा वेगळा ओळख क्रमांक) नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, गिऱ्हाईक आता बीआयएस केअर ॲपवर नंबर टाकून बघतात, आणि बघावंच.

पैशांचं खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं जेमतेम लोकलचा पास आणि जेवण सुटतं. नंतर मजुरी ग्रॅमवर आणि घट (घडवताना कमी होणारं सोनं) ठरवून. म्हणून कानशीचा चुरा, झाडलेला केर, हात धुतलेलं पाणीसुद्धा जपायचं, झारेकरी त्यातून सोनं काढून देतात आणि महिन्याचा हिशोब बऱ्याचदा तिथेच जुळतो. आमच्याकडचे बंगाली दादा तर संध्याकाळी कपडे झाडल्याशिवाय उठत नाहीत, घडाईतली निम्मी कारागिरी मी त्यांच्याकडून उचलली, तेव्हा हिंदी चांगली करा, थोडं बंगालीही कानावर पडू द्या.

काम मागायला लग्नसराईत किंवा दसरा-धनत्रयोदशीच्या आधी जाऊ नका, तेव्हा मान वर करायला कोणाला फुरसत नसते. आषाढात जा, दुपारी जेवणानंतर, मुंबादेवीच्या मागच्या गल्ल्यांमधून वर माळ्यांवर चढत दोन-चार ठिकाणी विचारा, कोणाची ओळख असेल तर ती घेऊन जा कारण अनोळखी माणसाला सोन्याजवळ लगेच कोणी बसवत नाही. डिझाइनची फाईल पिशवीत असू द्या, पण आधी स्वतः ओढलेली तांब्याची तार आणि स्वतः झाळलेली एखादी कडी दाखवा.