क्रँक सेन्सर तपासायला बसण्याआधी

गाडी गरम झाली की बंद पडते, थोडा वेळ उभी ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नाही आणि स्कॅनर पी०३३५ दाखवतो. एवढं जुळलं की बहुतेक जण थेट नवा क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँकशाफ्ट कुठे आणि किती वेगाने फिरतोय ते सांगणारा सेन्सर, मागवतात. पण पी०३३५ चा अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, इतकाच. उंदराने वायर कुरतडली, कपलरमध्ये पावसाचं पाणी शिरलं, तरी कोड तोच येतो. म्हणून सेन्सरची ऑर्डर देण्याआधी ही तयारी करा.

सगळ्यात आधी बॅटरी. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना १० च्या फारशी खाली जायला नको. इंजिन सुस्त फिरलं तर स्वतः वीज तयार करणाऱ्या कॉइलवाल्या सेन्सरचं व्होल्टेजही पडतं आणि चांगला सेन्सर नापास होतो. तेव्हा बॅटरी चार्ज करून घ्या, मगच पुढे जा. त्याच गाडीचा, त्याच इंजिनचा वायरिंग डायग्राम हाताशी ठेवा. मॉडेलचं नाव एकच असलं तरी बीएस-४ आणि बीएस-६ मध्ये सेन्सर वेगळा असू शकतो.

हत्यारं फार लागत नाहीत: एसी व्होल्ट आणि हर्ट्झ दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर, कपलरच्या मागून घालायला बारीक टाचण्या, दहाची गोटी (सॉकेट), क्रँक पुलीच्या बोल्टला बसेल अशी मोठी गोटी आणि लांब रॅचेट, हेअर ड्रायर, कॉन्टॅक्ट क्लीनर. साधा ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तमच. टेस्ट लॅम्प मात्र पेटीतच राहू द्या, ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सिग्नल वायरवर त्याचं काम नाही.

आता मुख्य गोष्ट. सेन्सर कोणत्या जातीचा आहे हे कळेपर्यंत मल्टिमीटर ओहमवर फिरवायचा नाही. चुंबक आणि कॉइलचा सेन्सर स्वतः वीज तयार करतो, त्याला ओहम चालतं. दुसरी जात हॉल सेन्सरची, तो चुंबकीय क्षेत्रातला बदल चिपने ओळखतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स असतं; तिथे ओहमचा आकडा काहीही येतो, त्यावरून निष्कर्ष निघत नाही आणि वर आतल्या चिपला इजा होण्याचा धोका.

जात ओळखायला लोक वायरी मोजतात: दोन असल्या तर कॉइल, तीन असल्या तर हॉल. बहुतेकदा बरोबर निघतं, पण कॉइलवाल्या काही सेन्सरना तिसरी वायर असते ती शील्डची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची. कोणी टोकाला स्क्रू ड्रायव्हर चिकटवून बघतात. ती परीक्षा तर सोडूनच द्या, कारण कितीतरी हॉल सेन्सरच्या पोटातही चुंबक असतं. भरवशाची पद्धत अशी: की बंद करून कपलर काढा, मग की ऑन करा आणि हार्नेसच्या (गाडीच्या वायरिंगच्या) बाजूच्या पिना डीसी व्होल्टवर मोजा. एका पिनेवर ठाम ५ किंवा १२ व्होल्ट, दुसरीवर पक्की अर्थ, आणि तिसरीवर ईसीएमकडून आलेले ५ व्होल्ट, असं दिसलं तर हॉल किंवा त्याचा भाऊ मॅग्नेटोरेझिस्टिव्ह. कॉइलवाल्याच्या वायरींवर ईसीएमने दिलेला एक-दोन व्होल्टचा बायस दिसू शकतो, त्याला सप्लाय समजू नका. स्कूटर-बाइकवाल्यांनी गोंधळू नये: मॅग्नेटोजवळची तुमची ‘पल्सर कॉइल’ म्हणजे कॉइलवालाच प्रकार. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकींत फ्युएल इंजेक्शन सर्रास आलं, तेव्हापासून तिचा सिग्नल ईसीएमला जातो.

सेल्फ मारण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला ओट (दगड किंवा लाकडाचा अडसर). पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. डिझेल सीआरडीआयमध्ये (कॉमन रेल इंजिनमध्ये) इंजेक्टरचे कपलर काढायचे असतील तर की बंद असतानाच, तिथलं व्होल्टेज बॅटरीपेक्षा बरंच जास्त असतं. टाचण्यांच्या वायरी फॅन बेल्टपासून लांब बांधा.

कॉइलवाला निघाला तर दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. गाड्यांमध्ये तो साधारण २०० ते १५०० ओहममध्ये असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. प्रत्येक पिन ते सेन्सरची बॉडी मात्र पूर्ण ओपन हवी, म्हणजे दोन्हींत जोड नको. मग ड्रायरने सेन्सर तापवा. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतोच: २० अंशांना ८६० ओहम असलेली कॉइल १०० अंशांना ११३० च्या घरात जाते आणि यात बिघाड काही नाही. आकडा उड्या मारायला लागला किंवा अचानक ओपन झाला तर घाटात बंद पडणाऱ्या गाडीचा चोर सापडला. शेवटी मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्धा व्होल्टही येत नसेल तर गॅप आणि टोकाला चिकटलेला लोखंडी चुरा बघा. सेन्सरचं टोक आणि क्रँकसोबत फिरणारी दातेरी चकती यांमधला हा गॅप बहुधा ०.५ ते १.५ मिलिमीटर असतो. कॉइलच्या वायरी कुणी जोडल्या असतील तर त्या उलट झाल्या नाहीत ना, तेही पाहा. सिग्नल उलटा झाला की टायमिंग बिघडतं, आणि रेझिस्टन्स मात्र अगदी बरोबर येत राहतो.

हॉलला कपलर लावलेलाच ठेवा, मागून टाचणी घाला, पुली हाताने सावकाश फिरवा. सिग्नल जवळजवळ शून्य आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये स्वच्छ उडी मारायला हवा. सेल्फ मारताना मीटर सरासरी दाखवतो, म्हणून मधलाच काहीतरी आकडा येतो. त्या वेळी हर्ट्झ वापरा. साठ दातांच्या जागेत दोन दात कमी असलेली चकती मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरली तर सुमारे २४० हर्ट्झ यायला हवेत. सप्लाय किंवा अर्थच नसेल तर सेन्सर सोडा, हार्नेस शोधा. आणि पाच व्होल्टच्या सेन्सरला टेबलावर बारा व्होल्ट लावून ‘चेक’ करू नका.

सेन्सर बदलायचंच ठरलं तर जुना ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगमध्ये अडकलेला असणार, हे धरून चाला. पेनिट्रेटिंग ऑइल मारून डावी-उजवीकडे वळवत काढा. उचकटला तर तुटून अर्धा आत राहतो. नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कवरच आवळा. काही गाड्यांना त्यानंतर स्कॅनरवरून क्रँक लर्न (नव्या सेन्सरचा सिग्नल ईसीएमला शिकवणं) करावं लागतं, तेव्हा तो फंक्शन असलेला स्कॅनर त्याच दिवशी मिळेल याची सोय आधीच करून ठेवा.