आटलेल्या बोअरचं जलभंजन: सामान काय लागतं, पॅकर कुठे बसवायचा

एप्रिल लागला की गावचा हातपंप नुसती हवा ओढतो आणि ग्रामसभेत नव्या बोअरची मागणी होते. त्याआधी जुन्या बोअरचं जलभंजन करता येतं का, ते बघा. खडकातल्या भेगा बुजलेल्या असतात किंवा बोअरपर्यंत पोचलेल्याच नसतात. दाबाने पाणी कोंबून त्या उघडायच्या, एवढंच हे काम. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे याची माहिती मिळते.

यवतमाळ-वाशीमकडचा काळा पाषाण किंवा भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचा ग्रॅनाइट-नाइस असेल आणि बोअरला कधीतरी थोडं पाणी लागलं असेल, तर करा. पूर्णा नदीच्या गाळात, खारपाणपट्ट्यात करू नका. तिथे फोडायला खडकच नाही.

सामान असं: बोअरच्या व्यासाचा रबरी पॅकर (बोअरमध्ये फुगवून खालचं पाणी वर येऊ न देणारं बूच), मोठ्या दाबाचा पंप, दाबमापक, जाड लोखंडी पाईप, तिपाई आणि चेनपुली, कंप्रेसर, शिवाय 5 ते 10 हजार लिटर स्वच्छ पाणी. नाल्याचं गढूळ पाणी चालणार नाही, त्यातली माती उघडलेली भेग पुन्हा बुजवते. तेल-वायूच्या विहिरींत भेगा मिटू नयेत म्हणून वाळूचे दाणे आणि रसायनं सोडतात. पिण्याच्या बोअरमध्ये रसायनं अजिबात नकोत.

आधी हातपंप काढा, कंप्रेसरने बोअर धुवा, खोली आणि पाण्याची पातळी मोजा. आताचं पाणी किती, तेही लिहून ठेवा: 15 लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर तासाला 600 लिटर. हा आकडा नसेल तर नंतर फरक पडला की नाही यावर वादच होतील.

काम बिघडतं ते बहुतेक पॅकरच्या जागेवरून. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात माती ढासळू नये म्हणून घातलेला पाईप) 30 फुटांवर संपत असेल तर पॅकर जमिनीपासून निदान 40 फुटांखाली, अखंड पाषाणात बसवा. केसिंगमध्ये बसवला तर पाणी केसिंगच्या बाहेरून वर येतं आणि केसिंगच उचललं जातं. लाल गेरूचा थर असेल तिथेही नको, तो ढासळतो आणि पॅकर आत अडकतो. बोअर मारतानाची थरांची नोंद ग्रामपंचायतीत असेल तर ती समोर ठेवूनच जागा ठरवा. पॅकर फुगवण्याचा दाब पाणी सोडण्याच्या दाबापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर पाणी बाजूने निसटतं.

आता पाईप वरून घट्ट बांधा. 6 इंची बोअरचं तोंड सुमारे 177 चौरस सेंटिमीटर असतं. 100 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब दिला की पॅकरवर खालून साडेसतरा टनांच्या वर जोर येतो. त्या वेळी बोअरजवळ कोणी उभं राहू नये, पोरांना तर लांबच ठेवा.

दाब हळूहळू वाढवा. काटा चढत जाऊन एकदम खाली पडला की भेग उघडली. तसंच 10-15 मिनिटं पाणी सोडत राहा. काटा चढतच नसेल तर बोअरच्या तोंडातून पाणी येतं का बघा. येत असेल तर पॅकर गळतोय. येत नसेल तर तिथे आधीच मोठी भेग आहे. पंपाच्या मर्यादेपर्यंत चढूनही काटा पडला नाही, तर आणखी ताणू नका. दाब सोडा, पॅकर 30-40 फूट खाली सरकवा आणि पुन्हा करा. काटा शून्यावर आल्याशिवाय पॅकर सैल करायचा नाही, पाईप उसळतो. या सगळ्या वेळात शेजारच्या विहिरीवर एक माणूस बसवा. तिथलं पाणी चढलं किंवा गढूळ झालं तर थांबा.

शेवटी पाणी निवळेपर्यंत कंप्रेसरने बोअर धुवा. मग 6 इंची बोअरमध्ये 40 मीटर पाणी असेल तर सुमारे 100 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून सोडा, रात्रभर राहू द्या आणि क्लोरीनचा वास जाईपर्यंत उपसा. मग तीच बादली लावून पाणी पुन्हा मोजा. हातपंपाला मिनिटाला साधारण 12 लिटर पुरतं. तेवढं मिळालं तर मोटर टाकायची घाई करू नका. यवतमाळ-चंद्रपूर भागात फ्लोराइडची तपासणी नव्याने करून घ्या, कारण आता पाणी वेगळ्या भेगांतून येतंय. प्रमाण लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका.